कवडशातली साखर



खासबागेत ज्या गल्लीत माझा दवाखाना आहे, तिथे माझ्या लहानपणी घरोघरी माग होते. आधी हातमाग, मग यंत्रमाग. छपरातल्या कौलांत मध्येच एखादी काच बसवलेली असे. सकाळी त्या काचेतून उन्हाचा तिरपा खांब खाली उतरला की त्यात सुताचे बारीक तंतू आणि धूळ तरंगताना दिसे. खांबाबाहेरही हवा तीच आणि धूळही तीच, पण तिथे काही म्हणजे काही दिसत नसे. आम्ही पोरे त्या कवडशात हात घालायचो, फुंकर मारायचो. मागाच्या धडधडाटात कुणीतरी मोठे माणूस ओरडायचे आणि आम्ही पळायचो.

आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे, ते म्हणजे पोलादी पेटीत बंद केलेला असा एक कवडसा आहे. त्याचे नाव लांबलचक आहे: इव्हॅपोरेटिव्ह लाइट स्कॅटरिंग डिटेक्टर. मराठीत सांगायचे तर, द्रव उडवून टाकायचा, मागे उरलेल्या कणांवर प्रकाश टाकायचा आणि तो किती विखुरला ते मोजायचे. साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टराने असला विषय का घ्यावा, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. कारण साधे आहे. मी एका म्हाताऱ्या बाईला एक शब्द दिला होता आणि तो खरा की खोटा हे मला त्या पेटीने सांगितले.

ही बाई वडगावकडची, विणकराच्या घरची, मधुमेहाची जुनी रुग्ण. मधुमेहाची औषधे तिची दुसरीकडे चालू होती, माझ्याकडे ती अंगावरच्या खाजेसाठी येई. एकदा पुडी हातात घेऊन म्हणाली, "डाक्टर, ह्यात साखर न्हाई न्हवं? मला शुगर हाय." मी म्हणालो, "आज्जी, गोळ्या साखरेच्या असतात, म्हणून तुम्हाला गोळ्या देत नाही. ही पुडी दुधातल्या साखरेची आहे, चिमूटभर. उसाची साखर यात नाही." ती पुडी पदराला बांधून निघून गेली. आमच्या व्यवसायात हे रोजचे संभाषण आहे. गोळ्या उसाच्या साखरेच्या, चूर्ण दुग्धशर्करेचे म्हणजे लॅक्टोजचे, आणि त्यावर मद्यार्कातल्या औषधाचे थेंब. पण त्या दिवशी ती गेल्यावर मनात आले, की 'नाही' हे मी कशाच्या आधारावर म्हणालो? बरणीवरच्या चिठ्ठीच्या!

योगायोगाने माझ्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा फार्मसी महाविद्यालयात शिकवतो. त्याला हा प्रश्न सांगितला तर म्हणाला, "काका, बरणी घेऊन या. पण आमच्या नेहमीच्या शोधकाला तुमची साखर दिसणारच नाही." साखर दिसणार नाही म्हणजे काय, ते समजून घ्यायला मला एक पूर्ण दुपार लागली. ती दुपार आता तुमच्यापुढे ठेवतो.

मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याच्या या कलेला क्रोमॅटोग्राफी म्हणतात, मराठी परिभाषेत वर्णलेखन. हे नाव पडले ते मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वॉर्सा इथे त्याने पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून झिरपू दिला, तेव्हा नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर थांबलेले दिसले. गंमत अशी की 'त्स्वेत' या रशियन शब्दाचा अर्थच रंग. त्याचे भाग्य एवढेच की त्याचे पदार्थ रंगीत होते. डोळा हाच त्याचा शोधक.

आजची नळी पोलादी असते. साधारण २५ सेंटिमीटर लांब, आतून ४.६ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यात पाच मायक्रॉनच्या सिलिकाच्या कणांची ठासून भरणी. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा. इतक्या दाट भरणीतून द्रव ढकलायचा तर पंप जबरदस्त लागतो. आपल्या मोटारीच्या चाकात असतो त्याच्या पन्नास-शंभरपट दाब इथे नेहमीचा. नमुन्याचा एक थेंब या प्रवाहात सोडला की त्यातला प्रत्येक घटक आपापल्या ओढीप्रमाणे भरणीला चिकटत, सुटत पुढे जातो. पंढरीच्या वाटेवर एकत्र निघालेली दिंडी जशी पांगते, कुणी चहाला थांबतो, कुणी झाडाखाली टेकतो, तसे. शेवटी एकेक घटक वेगवेगळ्या मिनिटाला नळीबाहेर येतो. पण येतो तो पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवात विरघळून. आला हे ओळखायचे कसे? ते काम नळीच्या टोकाशी बसवलेल्या शोधकाचे.

बहुतेक प्रयोगशाळांत हा शोधक अतिनील किरणांचा असतो. द्रवातून अतिनील प्रकाश आरपार सोडायचा, मध्येच एखादा पदार्थ आला की तो त्यातला काही प्रकाश गिळतो, पलीकडे उजेड कमी पडतो आणि कागदावर शिखर उमटते. मात्र प्रकाश गिळायला रेणूत तशी सोय लागते. साखळीने जोडलेले दुहेरी बंध किंवा बेंझिनसारखे कडे लागते. आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. निपाणीच्या तंबाखूतले निकोटिन २६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश चांगला गिळते, म्हणून ते या शोधकाला ठळक दिसते. उगारच्या, संकेश्वरच्या कारखान्यांतली साखर मात्र दिसत नाही, कारण तिच्या रेणूत तशी सोयच नाही. अगदी खालच्या, दोनशेच्याही आतल्या लहरींवर थोडे गिळते, पण तिथे द्रवसुद्धा प्रकाश गिळू लागतात, मग कोण कुणाचे गिळतो कळत नाही. तंबाखू दिसते आणि साखर दिसत नाही! आमच्या सीमाभागातल्या दोन्ही मोठ्या पिकांचा असा निकाल लागलेला पाहून मला हसू आले.

मग साखर कारखान्यांत इतकी वर्षे काय करतात? तिथे ध्रुवण मोजतात, ज्याला कारखान्यातले लोक 'पोल' म्हणतात. साखरेचे द्रावण प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवते, ती किती फिरली ते पाहायचे. रसाचा दर्जा ठरवायला ते उत्तम, पण चार साखरा एकत्र असल्या तर सगळ्यांची मिळून बेरीज-वजाबाकी कळते. वर्णलेखनाच्या नळीला प्रणमनांकाचा, म्हणजे द्रव प्रकाशाला किती वाकवतो ते पाहणारा शोधकही लावतात. साखरेसाठी तो जुना, विश्वासू नोकर आहे. पण तापमान जरा हलले की त्याची रेघ वाकडी जाते, आणि नळीतून सोडायच्या द्रवांचे प्रमाण मध्येच बदलायचे झाले तर तो सपशेल गोंधळतो.

आता आपली पेटी. वर्णलेखनाच्या नळीला असा बाष्पीभवनाचा शोधक जोडून वजनाचा अंदाज घेता येतो, हे चार्ल्सवर्थ यांनी १९७८ मध्ये 'अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात मांडले. पेटीत तीन गोष्टी घडतात. नळीतून येणारा द्रव नायट्रोजन वायूच्या झोतात सापडून त्याचा फवारा होतो, धोबी इस्त्रीआधी पाणी फवारतो त्याहून कितीतरी बारीक. मग हे तुषार एका तापवलेल्या नळीतून जातात, आणि जाता जाता पाणी, ॲसिटोनायट्राइल वगैरे द्रव वाफ होऊन निघून जातात. तुषारात काहीच विरघळलेले नसेल तर मागे काहीच उरत नाही. साखर विरघळलेली असेल तर तिचा कोरडा कण उरतो. मिठागरात समुद्र उडून मीठ उरते तसेच, फक्त इथे एकेक मिठागर एका तुषाराएवढे. तिसरी पायरी म्हणजे कवडसा. हे कण एका प्रकाशझोतातून जातात. झोताच्या समोर नाही, तर बाजूला कोनात प्रकाशमापक बसवलेला असतो. कण नसतील तर प्रकाश सरळ निघून जातो आणि बाजूला काळोख. कण आले की प्रकाश विखुरतो आणि मापकाला झळाळी दिसते.

चोर्ल्याच्या घाटात धुक्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. दिवा वर केला की पुढचा रस्ता दिसण्याऐवजी पांढरी भिंतच डोळ्यांपुढे उभी राहते. तो आपल्याच दिव्याचा विखुरलेला प्रकाश. एकोणिसाव्या शतकात टिंडलने हवेतल्या कणांवर झोत टाकून हे अभ्यासले. इथे आपल्याकडचा माणूस लगेच रामन यांचे नाव घेतो. पण १९२८ चा रामन परिणाम वेगळा. त्यात विखुरताना थोड्याशा प्रकाशाची लहरच बदलते. या पेटीत लहर बदलण्याशी देणेघेणे नाही, फक्त किती प्रकाश बाजूला उडाला एवढाच हिशेब.

या पद्धतीचा मोठेपणा असा की ती रेणूला 'तू रंगीत आहेस का, तुला कडे आहे का' असले काही विचारत नाही. तू उडून जात नाहीस ना, एवढेच विचारते. म्हणून साखरा, तूप-तेलातली स्निग्ध द्रव्ये, जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके, जी अतिनील शोधकापुढे अदृश्य, ती सगळी इथे उजेडात येतात. जेंटामायसिन तर एक औषध नव्हेच, ते चार-पाच सख्ख्या भावंडांचे मिश्रण असते आणि त्यांचे आपसातले प्रमाण पाहावे लागते. हे इंजेक्शन मूत्रपिंडाला आणि कानाला बाधू शकते हे डॉक्टर जाणतात. अशा औषधात नेमके काय आहे हे दिसणे किती गरजेचे, ते मी सांगायला नको.

आणखी एक उदाहरण मधाचे. आमच्या घरी मध येत नाही, आम्हा जैनांना तो वर्ज्य. पण रुग्ण विचारतात, म्हणून वाचावे लागते. मध तापवला किंवा जुना झाला की त्यात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. तो अतिनील शोधकाला छान दिसतो. फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि उसाची साखर यांचे प्रमाण पाहायचे तर प्रणमनांकाचा किंवा हा आपला कवडशाचा शोधक लागतो. म्हणजे एकाच चमच्यातल्या मधाची अर्धी कथा एका डोळ्याला दिसते, अर्धी दुसऱ्याला. आणि दोघांनाही न दिसणारे असतेच. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. देशातल्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक उत्तीर्ण झाले, जर्मनीतल्या एनएमआर चाचणीसह सगळ्या कसोट्यांत मात्र तीनच. कंपन्यांनी ते मानले नाही. पण पाण्यात थेंब टाकून किंवा कापसाची वात पेटवून मध पारखणाऱ्यांनी त्यातून जे समजायचे ते समजावे.

पेटीच्याही मर्यादा आहेत. पदार्थ द्रवाबरोबर उडून जाणारा असेल तर ती आंधळी. आणि द्रवात न उडणारे क्षार घातले तर क्षाराचेच कण चमकत राहतात, म्हणून फॉस्फेट इथे चालत नाही, फॉर्मिक आम्लासारखी उडणारी आम्ले वापरतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले १९८६ चे प्रकरण अनेकांना आठवत असेल. ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेले होते, चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. हे विष अतिनील शोधकाला दिसत नाही. मग आपली पेटी लावावी, असे मी उत्साहाने म्हणालो, तर तो मुलगा म्हणाला, "नाही काका, ते गरम नळीत निसटेल. त्याला वायुवर्णलेखनच हवे." जे उडते त्याला उडवूनच पकडायचे. मी गप्प बसलो.

तर माझी बरणी. लॅक्टोजची चिमूट पाण्यात विरघळवून त्याने आधी अतिनील शोधकाला दाखवली. रेघ सपाट, जणू नळीतून कोरे पाणी गेले. मग तेच द्रावण पेटीकडे वळवले. थोड्या मिनिटांनी एक लहानसा उंचवटा आला आणि त्यानंतर लॅक्टोजचे मोठे, उभे शिखर. लॅक्टोज आणि उसाची साखर यांचे रेणुसूत्र एकच, रेणुभारही एकच, ३४२. नुसत्या वजनाने त्यांना वेगळे सांगता यायचे नाही. नळीतल्या भरणीला मात्र फरक कळतो, उसाची साखर आधी सुटते आणि लॅक्टोज मागून. तो लहान उंचवटा उसाच्या साखरेच्या जागी होता.

मी माझ्या एका औषधी गोळीचेही द्रावण नेले होते, तिसाव्या शक्तीचे. तिथे उसाच्या साखरेचे एकच शिखर आले, दुसरे काही नाही. ते येणारही नव्हते. शंभरास एक या प्रमाणात बाराव्या पायरीपुढे मूळ द्रव्याचा एखादा तरी रेणू राहावा अशी अपेक्षा ॲव्होगाड्रोच्या संख्येवरून धरता येत नाही. त्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "लिहा, फक्त साखर." चाळीस वर्षे मी या गोळ्यांवर संसार केला आहे, आणि माझ्या पद्धतीवरचा हा आक्षेप मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे. यंत्राने जे दाखवले ते नाकारून मी माझी बाजू मजबूत करू शकत नाही.

पुन्हा त्या उंचवट्याकडे. संगणकाने दोन्ही शिखरांची क्षेत्रफळे काढली, लहान शिखर मोठ्याच्या शेकडा एक. मी सुस्कारा सोडला. शेकडा एक म्हणजे कुठल्याही बरणीत असायचेच. निघायच्या तयारीत चष्मा खिशात ठेवला. तो म्हणाला, "थांबा, या पेटीत क्षेत्रफळाचे शेकडे खरे नसतात."

ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अतिनील शोधकात पदार्थ दुप्पट झाला की शिखरही, एका मर्यादेपर्यंत, दुप्पट होते. कवडशात तसे नाही. पदार्थ कमी झाला की तुषारांची संख्या कमी होत नाही, उरणारा प्रत्येक कण लहान होतो. आणि लहान कण प्रकाश फारच कंजूषपणे विखुरतो. प्रकाशाच्या लहरीहून बऱ्याच लहान कणांसाठी रॅलेचा नियम असा, की व्यास निम्मा झाला तर विखुरलेला प्रकाश चौसष्टावा हिस्सा उरतो. मोठ्या कणांना हा नियम तसाच लागू नाही, पेटीत सगळ्या आकारांची सरमिसळ असते, त्यामुळे प्रत्यक्षात वजन आणि क्षेत्रफळ यांचे नाते एका घातांकाने सांगतात. त्या दिवशी त्या यंत्रावर, ज्ञात वजनाच्या साखरेची पाच द्रावणे सोडून त्याने तो घातांक काढला. सुमारे दीड आला. दोन्ही बाजूंचे लॉगरिदम घेतले की वाकडी रेघ सरळ होते, शाळेत लॉगची कोष्टके घोकली होती त्यांचा असा उपयोग साठीनंतर कळला.

घातांक दीड असेल तर हिशेब काय होतो पाहा. खरोखर शंभरातला एक भाग भेसळ असेल, तर क्षेत्रफळात ती हजारातला एक भाग दिसते. आणि क्षेत्रफळात शंभरातला एक दिसत असेल, तर प्रत्यक्षात ती शंभरामागे साडेचारच्या पुढे असते. माझ्या लॅक्टोजमध्ये शेकडा साडेचारच्या आसपास उसाची साखर होती. छोटी चूक ही पेटी आणखी छोटी करून दाखवते. लबाडीने नव्हे, तिचा स्वभावच तो. म्हणून अशा शोधकाचा अहवाल कुणाच्या हातात आला आणि त्यात 'क्षेत्रफळाचे शेकडे' एवढेच लिहिलेले असेल, तर तुलनेचा वक्र कुठे आहे, हे विचारावे. औषधातली अशुद्धी मोजताना तर हे विचारल्याशिवाय सही करू नये. पुढे याच घराण्यातले दुसरे शोधक आले. एकात कणांवर विद्युत्भार चढवून प्रवाह मोजतात, दुसऱ्यात बारीक कणांवर पाण्याची वाफ थिजवून त्यांना फुगवतात आणि मग झोतात सोडतात, आंबोलीचे धुके पेटीत केल्यासारखे. लहान कणाला न्याय मिळावा, हीच धडपड.

परतताना बसमध्ये मी संतापलो होतो. पुरवठादाराने फसवले असे गृहीत धरून फोनवर काय काय बोलायचे ते मनात जुळवत होतो. सुदैवाने बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मालाचे न उघडलेले पाकीट महाविद्यालयात पाठवले. त्यात एकच शिखर आले, लॅक्टोजचे. उसाच्या साखरेच्या जागी रेघ सपाट.

मग दवाखान्यात नीट पाहिले. औषध न चढवलेल्या गोळ्यांची बरणी आणि चूर्णाची बरणी शेजारी. गोळ्यांच्या बरणीच्या तळाला गोळ्या घासून पिठी साचलेली असते. दोन्हींत एकच स्टीलचा चमचा, कित्येक वर्षांपासून. कंपाउंडर तोच वापरी, तो नसला की मीही तोच वापरी. अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत वीस-बावीस मिलिग्रॅम उसाची साखर जात होती. चहाच्या चमचाभर साखरेपुढे काहीच नाही, आणि लॅक्टोजही शेवटी साखरच. आज्जीच्या रक्तात त्याने रेषही हलली नसेल. पण मी तिला 'नाही' म्हणालो होतो.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिला सांगितले, की मागच्या पुड्यांत थोडी साखर गेली होती, चमच्याची चूक. ती म्हणाली, "किती?" मी नखाचे टोक दाखवले. ती हसली आणि खाज कमी आहे म्हणाली. आता दोन चमचे आहेत, दोन बरण्यांच्या गळ्यांना वेगवेगळ्या रंगांच्या सुताने बांधलेले. सूत गल्लीतल्याच मागावरचे. कंपाउंडरने मला विचारले, चमचा पहिल्यांदा कधी चुकला, हे ते यंत्र सांगते का. म्हटले, नाही, ते सांगत नाही.